दाढी तीच, माणूस दुसरा

लबीबच्या धाकट्या मुलीने, मार्थाने, साखरपुड्याच्या दिवशी भर चर्चमध्ये नवरदेवाला नाही म्हटलं, त्या सालची ही गोष्ट. राजा देश सोडून गेला त्याला तीन वर्षं होत आली होती. रमजान ऐन उन्हाच्या तोंडावर आला होता आणि कैरोत दुपारी माणसं आणि मांजरं एकाच सावलीला झोपत होती.

लबीब त्या दिवसांत घरी थांबत नसे. बायको धुमसत असायची, मार्था गप्प असायची आणि सांत्वनाला आलेले पाहुणे जेवूनच जायचे. म्हणून तो सकाळीच वग्दीच्या कचेरीत येऊन बसे. वग्दी हलवानी खासगी तपासाची कामं घ्यायचा. लबीब ट्रामवरचा निवृत्त तिकीट तपासनीस. कचेरीत त्याचं नेमकं काम काय, हे दोघांनीही एकमेकांना कधी विचारलं नव्हतं.

त्या दिवशी जिन्यात गलका झाला. दारवानाची बायको ओरडत होती, "चपलेनं मारीन तुला. विधवेचं घर खाल्लंस ना रे?"

"ते मागच्या चित्रपटात, बाई," एक खर्जातला आवाज शांतपणे म्हणाला. "आता वाट सोड."

दार उघडलं आणि लबीब खुर्चीतून अर्धा उठला. दारात सब्री कुर्तम उभा होता. पडद्यावर याच माणसाने किती जणांचे गळे आवळले होते, किती अनाथांना घराबाहेर काढलं होतं. पोलीस, दरोडेखोर, सावकार, फाशी देणारा, आणि सगळ्यांत जास्त वेळा दारुडा. कुर्तम दारुडा होऊन भिंतीला धरून चालू लागला की थिएटरात पुढच्या रांगेतली माणसंसुद्धा पाय आवरून घेत.

"बसा, उस्ताद," वग्दी म्हणाला.

"बसतो. पण आधी एक सांगतो. मी या जन्मात दारूचा थेंब चाखलेला नाही. हे खरं वाटत नसेल तर मी उभ्या उभ्या जातो."

"खरं वाटतं की नाही, ते ऐकल्यावर सांगतो."

कुर्तम बसला. साठी ओलांडलेला, रुंद खांद्यांचा माणूस. गालांवर आणि हनुवटीवर कातडी लाल झाली होती, सोलल्यासारखी.

"माझा बाप प्यायचा. तान्ता गावात आमच्या गल्लीत तो रोज संध्याकाळी कसा यायचा, ते मी खिडकीतून बघायचो. तेवढंच माझं शिक्षण. पुढं फिरत्या नाटक मंडळीत बापाची चाल चालून दाखवली आणि लोक हसले. तेव्हापासून तीच चाल विकून खातोय. पण बाटलीला हात लावला नाही. आणि परवा स्टुडिओत मी माझ्या खोलीत निजलेला सापडलो, अंगावर अरकाचा वास, कुशीत बाटली. तेही रमजानात. निर्माता हाजी दसूकी म्हणजे पाच वेळा नमाज पढणारा माणूस. त्यानं मला काढून टाकलं."

"भूमिका कोणती होती?" वग्दीने विचारलं.

"दारुड्याचीच. पण शेवटी कोर्टात हा दारुडा उभा राहतो. गुत्तेवाला खोटी साक्ष देत असतो आणि गावात एकालाही बोलायची हिंमत नसते. हा बोलतो. लांबलचक भाषण आहे. चाळीस वर्षांत मला पहिल्यांदा कुणीतरी तोंड उघडायला दिलंय, शिव्या देण्यासाठी नाही. सोमवारी तो प्रसंग आहे. हाजी म्हणतो, 'दाढी तीच लावू, आत माणूस दुसरा घालू. दाढीत कोण ओळखतो?'"

"दुसरा कोण?"

"अद्ली बर्दीसी. तोच गुत्तेवाला करतोय. त्याची साक्ष कापतील आणि त्याला माझी दाढी लावतील." कुर्तमने गुडघ्यावर मूठ ठेवली. "वग्दी अफंदी, पडद्यावर मला तुरुंग झाला, फाशी झाली. मी कधी कुरकुर केली नाही, तो माझा धंदा. पण हे मी चालू देणार नाही. सोमवारी त्या पिंजऱ्यात मीच उभा राहणार. परवानगी असो नसो."

वग्दीने त्याला त्या संध्याकाळची सगळी हकीकत विचारली. सकाळपासून गुत्त्याचा प्रसंग चालला होता. पेल्यात दारू म्हणून थंड चहा. रोजा असल्यामुळे कुणी तो गिळत नव्हतं, ओठाला लावून खाली ठेवत होते. सूर्यास्ताला तोफ झाली. सगळे एकाच लांब टेबलाला रोजा सोडायला बसले. कुर्तमने खजूर खाल्ला, चिंचेचं सरबत प्यायलं, थोडं सूप घेतलं. मग रात्रीचं काम सुरू व्हायला वेळ होता, म्हणून खोलीत जाऊन पडला.

"पुढचं आठवतं ते दुसऱ्या दिवशीचं. सदरा चिंब, पण घसा कोरडा ठणठणीत."

तो गेल्यावर लबीब म्हणाला, "माणूस चांगला वाटला. पण नट आहे रे. रडतो तेव्हाही चांगलाच रडतो."

"रडला कुठं? तो तर भांडायला आला होता," वग्दी म्हणाला. "चल, टोपी घे."

स्टुडिओ पिरॅमिडच्या रस्त्याला होता. हाजी दसूकी जपमाळ ओढत, पंख्याखाली बसला होता.

"मी त्याचं वाईट चिंतत नाही," तो म्हणाला. "पण डोळ्यांनी बघितलं. मला बोलावलं, मी गेलो, हा घोरतोय. सदऱ्यातून अरक निथळतोय. डॉक्टरला आणलं. तो दारातूनच वास घेऊन परत गेला, म्हणाला, 'याला झोपू द्या.'"

"बोलावलं कुणी?"

"कुणी काय? ओरडा झाला. आधी अद्ली ओरडला वाटतं. मग सगळेच धावले."

"रोजा सोडताना कुणाला काही झालं का? पोट बिघडलं, झोप आली?"

"नाही. एकाच सुरईतलं सरबत सगळ्यांनी प्यायलं. मीसुद्धा. पेले धुऊन पालथे घातलेले असतात. तोफ झाली की माझ्यासमोर सुलटे करून भरतात. माझ्या टेबलावर अन्न स्वच्छ असतं, साहेब."

"आणि कोर्टाचं भाषण अद्लीला द्यायचं तुम्हीच ठरवलंत?"

"त्याचं त्यानंच विचारलं. भाषण पाठ होतं त्याला. मी म्हटलं, देवच पावला."

बाहेर आल्यावर लबीबने वग्दीची बाही ओढली. "हा हाजी मला आवडला नाही."

"तुला कुणीच पैसेवाला आवडत नाही. पुढं चल."

चित्रपटाचा नायक इहाब ताहेर आरशासमोर केस विंचरत होता. गोरा, गुळगुळीत, पंचविशीचा.

"सब्रीकाका मला लहानपणापासून माहीत," तो म्हणाला. "त्यांना बघून मी रात्री अंथरूण ओलं करायचो, खरंच सांगतो. पण खोटं बोलणार नाही. दुपारीच त्यांच्या तोंडाशी दारूसारखा वास येत होता. त्या प्रसंगात मला त्यांची कॉलर धरायची असते. अगदी जवळ गेलो होतो."

"त्या दिवशीच आला की आधीही?"

इहाबने फणी खाली ठेवली. "आता विचारताय म्हणून... आधीही यायचा. रोजच. म्हणून तर सगळे म्हणतात ना, की काका घेतात."

"कोर्टाच्या प्रसंगात तुमचं काम काय?"

"गप्प बसायचं आणि ऐकायचं." त्याने नाक मुरडलं. "नायकानं गप्प बसायचं. मी दिग्दर्शकाला बोललोही होतो, हे भाषण मला द्या म्हणून. तो हसला."

लबीबने वग्दीकडे अर्थपूर्ण नजर टाकली. वग्दीने टाकली नाही.

रंगभूषेच्या खोलीत मादाम आरशालूस होत्या. आर्मेनियन बाई, जाड भिंगांचा चष्मा, बोटं डिंकाने पिवळी पडलेली. त्या चीज आणि पाव खात होत्या आणि त्यांनी लबीबच्या गळ्यातला क्रूस बघून ताट त्याच्याकडे सरकवलं.

"खा. आपण दोघंच इथं रोजा नसलेले. चोरून खाण्यापेक्षा जोडीनं खावं."

लबीबला आयुष्यात पहिल्यांदा तपासाचं काम मनापासून आवडलं.

"सब्रीची दाढी मीच लावते," मादाम सांगू लागल्या. "पहाटे बसतो बिचारा, उन्हं वर येईपर्यंत. एकेक बट चिकटवायची. म्हणून ती दिवसभर काढत नाही. रोजा सोडतानासुद्धा नाही. त्याला आणि अद्लीला मी बोरूच्या नळ्या कापून देते, सरबत आणि सूप नळीनं ओढायचं. अद्लीची मिशी मोठी आहे ना, ओठावर येते."

"त्या दिवशी नळ्या कुठं होत्या?"

"इथंच, एका रिकाम्या पेल्यात उभ्या. दोन. दुपारी कापल्या. तोफेच्या आधी टेबलावर नेल्या."

"मधल्या वेळात खोलीत कोण येऊन गेलं?"

"कोण नाही आलं? ही काय तिजोरी आहे? इहाब पावडरला आला, हाजी मिशीच्या खर्चावरून ओरडायला आला, अद्ली मिशी दाबून घ्यायला आला."

"दोघांनी नळीनं प्यायलं?"

"सब्रीनं प्यायलं. अद्लीनं नाही. गाढवासारखं पेल्याला तोंड लावलं आणि चिंचेत मिशी भिजवली. काठ सुटले, केसांचा गोळा झाला. जेवल्यावर पुन्हा नवी बसवावी लागली. मी म्हटलं, 'अरे, आजच दीक्षा घेतलीस का या धंद्यात?' म्हणाला, 'तहान लागली होती, आई.' माझ्याहून मोठा आहे आणि मला आई म्हणतो."

"आणि सब्रीची दाढी कुणी काढली?"

"मीच. तो मेल्यासारखा झोपलेला. सगळे नाकं धरून उभे. मी म्हटलं, माणूस दारुडा असेल, पण दाढी माझी आहे. निघता निघेना. दगडासारखी घट्ट बसलेली, ओठाच्या काठापर्यंत. पाऊण बाटली स्पिरिट लागलं. बिचाऱ्याचे गाल सोलले गेले."

वग्दीने समोरची डिंकाची बाटली उचलून हुंगली. मग म्हणाला, "मादाम, आमच्या लबीबला मिशी लावाल का?"

"मला कशाला?" लबीब म्हणाला.

"शोभेल तुला. बस."

डिंक ओठावर लागला तसं लबीबच्या डोळ्यांतून पाणी आलं. मिशी बसली. वग्दीने कपाटातून स्पिरिटची बाटली काढली, फडक्यावर ओतली आणि ते लबीबच्या पाठीमागून त्याच्या खांद्याजवळ धरलं.

"कसला वास येतो?"

"या मेल्या मिशीचा."

"अजून कसला?"

"अजून कसला येणार? नाकाखाली दुकान लावलंयस."

वग्दीने फडकं त्याच्या समोर धरलं. लबीबने ते बघितलं, पण त्यातून काय निघतं ते त्याला कळलं नाही. संध्याकाळी तो ती मिशी तशीच घेऊन घरी गेला, कारण मादामनी काढून द्यायचं विसरल्याचं सोंग केलं. त्या आठवड्यात पहिल्यांदाच त्याची बायको हसली.

पण त्याआधी अद्ली बर्दीसी राहिला होता. तो गुत्त्याच्या सेटवर, लाकडी पिंपावर बसला होता. नवी मिशी लावलेली, डोळ्यांखाली काळं.

"झोप नाही हो," तो म्हणाला. "पुडी घेतल्याशिवाय डोळा लागत नाही, आणि रमजानात तर पुडीलाही वेळ सापडत नाही. विचारा काय ते."

"कुर्तमला किती वर्षं ओळखता?"

"फिरत्या मंडळीपासून. एका गाढवावर दोघांचं सामान असायचं. तो पोलीस व्हायचा, मी त्याचा हवालदार. तो सावकार, मी त्याचा कारकून. माझा भाऊच तो. म्हणून तर जीव तुटतो."

"त्या दिवशी काय दिसलं?"

"दिसलं ते नंतर. आधी वास आला. दुपारीच. या पिंपापाशी तो माझ्यासमोर उभा होता, पेला मागायच्या प्रसंगात. असा भपकारा आला की मीच लाजलो. मनात म्हटलं, सब्री, निदान या महिन्यात तरी."

"तेव्हा तुम्हाला मिशी होती?"

"म्हणजे काय? गुत्तेवाल्याला मिशी असतेच."

वग्दीने मान हलवली. "सोमवारचं भाषण पाठ झालं?"

"पहिल्याच दिवशी," अद्ली म्हणाला. त्याचे डोळे क्षणभर चमकले. "पानं हातात पडली तेव्हाच."

ट्राममध्ये लबीबने आपला निकाल सांगितला. "इहाब. त्याला भाषण हवं होतं. वासाची गोष्टही त्यानंच सांगितली. त्याचं तोंडच सांगतं."

"त्याचं तोंड गुळगुळीत आहे. म्हणूनच तो सुटला," वग्दी म्हणाला, आणि स्टेशन येईपर्यंत आणखी काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी वग्दीच्या सांगण्यावरून हाजीने सगळ्यांना टेबलाला बसवलं. कुर्तम आला तेव्हा दोन कामगार उठून उभे राहिले, बाकीच्यांनी माना खाली घातल्या. तो ताठ चालत येऊन आपल्या जुन्याच जागी बसला.

"याला कुणी बोलावलं?" एकजण पुटपुटला.

"मीच," कुर्तम म्हणाला. "मी स्वतःला बोलावलं."

तोफ झाली. पेले भरले. मादामनी एका पेल्यात दोन नळ्या आणून अद्लीसमोर ठेवल्या. त्याला मिशी होतीच.

"घ्या, अद्ली भाई," वग्दी म्हणाला. "त्याच दिवसाच्या नळ्या आहेत. मादाम काही फेकत नाहीत."

अद्लीने पेल्याकडे बघितलं. खजूर तोंडात घातला, चघळत राहिला. सरबताचा पेला उचलला, पुन्हा ठेवला.

"मला आज तहान नाही."

"दिवसभर रोजा धरून?"

हाजीची जपमाळ थांबली.

"असू द्या," वग्दी म्हणाला. "त्या नव्या नळ्या आहेत, आत्ताच कापलेल्या. दुसऱ्या कुणीही त्या उचलल्या असत्या. आता ऐका. हाजीसाहेब, तुम्ही म्हणालात, एकाच सुरईतलं सगळे प्यायले, पेले तुमच्यासमोर सुलटे झाले, आणि कुणाला काही झालं नाही. मग कुर्तम एकटाच का झोपला? दारू प्यायला, असं तुम्ही म्हणालात. पण दारूनं नुसता सदरा भिजत नाही, तोंडही भिजतं. मादाम, दाढी कशानं सुटते?"

"स्पिरिटनं."

"आणि अरक म्हणजे तेच, बडीशेपेचं. या माणसानं दाढीतून अर्धी बाटली अरक रिचवला असता, तर ओठाच्या कडेची दाढी सुटून लोंबत असती. ती दगडासारखी घट्ट होती. गाल सोलले तरी निघेना. बाटली त्याच्या सदऱ्यावर ओतली गेली, तोंडात नाही. ओतणाऱ्यानं तोंड टाळलं, कारण तोंडावर ओतलं तर माणूस जागा होतो."

"पण दुपारचा वास?" इहाबने विचारलं. "तो मी स्वतः घेतला."

"घेतलात. तुम्ही आयुष्यात कधी दाढी चिकटवली नाहीत. तो डिंकाचा वास. डिंक स्पिरिटमध्येच विरघळवतात. हा माणूस चाळीस वर्षं तो वास तोंडावर घेऊन हिंडतोय आणि चाळीस वर्षं लोक म्हणतात, कुर्तम पितो. तुमची चूक प्रामाणिक आहे."

कुर्तमने हळूच स्वतःच्या गालाला हात लावला. हे त्याच्याही कधी ध्यानात आलं नव्हतं, असं लबीबला वाटलं.

"पण तोच वास अद्ली भाईंनाही आला म्हणे," वग्दी पुढे म्हणाला. "आणि त्यांच्या नाकाखाली स्वतःची मिशी. काल मी लबीबला मिशी लावली आणि खांद्याशी स्पिरिटचं फडकं धरलं. त्याला मिशीपलीकडे काही कळेना. मिशी लावलेल्या माणसाला दुसऱ्याचा वास येत नाही. आला असता तरी, जन्मभर डिंक लावलेल्या नटानं त्याला दारू म्हटलं नसतं. म्हणजे हे मुद्दाम सांगितलं."

"एवढ्यावरून?" अद्ली म्हणाला.

"नाही. या टेबलावर सगळं सारखं होतं, फक्त नळ्या नव्हत्या. त्या दोघांसाठीच होत्या. झोपेची पुडी घट्ट पाकात कालवून नळीच्या आत लावली की सरबताबरोबर पोटात जाते. पण कुर्तम दोन्हींतली कोणती उचलेल, हे आधी कसं कळणार? म्हणून दोन्हींना लावली. आणि मग तुम्हाला एकही उचलता येईना. या धंद्यात केस पांढरे झालेला माणूस समोर नळी असताना पेल्याला तोंड लावतो आणि मिशी बुडवतो. नळीत काय आहे, हे ठाऊक असलेला एकच माणूस त्या टेबलावर होता."



अद्लीने मिशी ओढून काढली आणि ताटाच्या कडेला ठेवली. "हवालदार," तो म्हणाला. "कारकून. हुजऱ्या. प्रत्येक वेळी याच्या मागं दोन पावलं. ते भाषण मी वाचलं तेव्हा रडलो, सब्री. तू वाचून रडलास का?"

"नाही," कुर्तम म्हणाला. "मी पाठ केलं."

हाजी उठला. "हा माणूस आत्ता माझ्या दारातून बाहेर जाईल. उद्या पोलीस बघतील. सोमवारी गुत्तेवाल्याची साक्ष कापा."

"कापायची नाही," कुर्तम म्हणाला.

"काय?"

"साक्ष कापायची नाही, हाजी. हा मला सोमवारी समोर हवा. मिशीसकट."

"सब्री, यानं तुझं नाव मातीत घातलं. माफ करतोयस?"

"माफ कोण करतंय? बोलवा ना पोलीस, मंगळवारी बोलवा. पण सोमवारी हा खोटी साक्ष देईल आणि मी याच्या डोळ्यांत बघून बोलेन. आजवर मला भिंतीकडे बघून बोलायला लावलंत. या वेळी खरा खोटारडा समोर आहे, तो मी सोडणार नाही." मग तो अद्लीकडे वळला. "येशील ना? की तेवढीही हिंमत नाही?"

"येईन," अद्ली म्हणाला. "आणि तुला सोपं जाऊ देणार नाही."

"सोपं मागितलंय कुणी?"

सोमवारी लबीब दाराशी उभा राहून बघत होता. अद्लीने साक्ष अशी दिली की लबीबलाही ती खरी वाटली. मग पिंजऱ्यात दाढीवाला दारुडा उठला. त्याने भिंत धरली नाही. दिग्दर्शकाने थांबा म्हणायचं ते भाषण संपल्यावरही म्हटलं नाही. इहाब गप्प बसून ऐकत होता, आणि त्याला तसं करायला सांगावं लागलं नाही. अद्लीने शेवटपर्यंत नजर खाली केली नाही. पोलिसांना मंगळवारी कुणी बोलावलं नाही, कारण कुर्तम तक्रार द्यायला गेलाच नाही. का, असं लबीबने विचारलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "माझं बोलून झालं."

त्यानंतरही लोक त्याला ट्राममध्ये शिव्या देत राहिले. तो टोपी काढून त्या घेत राहिला.

अद्ली बर्दीसी १९५९ च्या शरदात काविळीने वारला. सब्री कुर्तम १९६१ च्या मार्च महिन्यात, हेल्वानच्या आपल्या घरी, दुपारच्या झोपेत वारला.